उघाडी

दगडी कोट चारी बाजूंनी नीट बांधून काढलेला होता. फक्त खाली, नदीच्या अंगाला, दोन माणसं शेजारी शेजारी चालत जातील एवढी जागा सोडलेली होती आणि त्या जागेत एक बाई उभी होती. महेंद्रचा माऊसवरचा हात थांबला. त्याचे चाळीस घोडेस्वार आणि सहा हत्ती त्या जागेच्या समोर, पडद्यावर बोटभर अंतरावर येऊन उभे होते. आणखी एक क्लिक केली असती तर ते आत घुसले असते, मागची शेतं तुडवली असती, आणि दहा मिनिटांत समोरच्याचं राज्य संपलं असतं. पण ती बाई. ती लाकूड तोडत नव्हती, शेत करत नव्हती, मासे धरत नव्हती. नुसती उभी होती, मधूनच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. या गेममध्ये रिकामा उभा राहिलेला गावकरी म्हणजे खेळणाऱ्याचा गलथानपणा, आणि कोटात सोडलेली जागा म्हणजे तर मूर्खपणाच. पण दोन्ही एकाच ठिकाणी? गेल्या पंचवीस वर्षांत हे असं खेळणारं एकच माणूस त्याने पाहिलं होतं. रविवारची दुपार होती, चार वाजले असतील. घोडबंदर रोडवरच्या त्या सतराव्या मजल्यावर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी तो खालच्या आवाजात, कोणी ऐकेल या भीतीने बोलावं तसा म्हणाला, "दक्षता."

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेस बघणारा, सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेणारा, सोसायटीच्या कमिटीत पार्किंगवरून भांडणारा हा त्रेचाळीस वर्षांचा माणूस रविवारी दुपारी दार लावून तीन हजार वर्षांपूर्वीची राज्यं बुडवत बसतो, हे कमिटीतल्या कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. निशिगंधाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. तिने एकदोनदा कुरकुर करून पाहिली, मग त्याला 'महाराज' म्हणायचं ठरवून विषय मिटवला. "महाराज, जेवायला येताय की स्वारीवर आहात?" आज ती लेकीला घेऊन माहेरी गेली होती आणि महाराजांना मोकळं रान होतं. गेम तसा साधा. सुरुवातीला तुमच्याकडे तीन गावकरी असतात आणि एक मोठं घर, बाकी सगळा नकाशा काळा. माणूस जिकडे पाठवाल तिकडचा अंधार हटतो, झाडं दिसतात, हरणं दिसतात, दगडाची खाण दिसते, आणि कधीतरी त्या अंधारातूनच दुसऱ्याचं गाव पुढ्यात येतं. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाल करायची सोय नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी तिकडे समोरचा घरं बांधतोच आहे. समोर इंटरनेटवरचं कोणीही असू शकतं, ब्राझीलचं, नाहीतर तुर्कस्तानचं. आजच्या समोरच्याचं नाव इंग्रजी डी या अक्षराने सुरू होत होतं आणि पुढे नुसते आकडे होते. खेळ सुरू होताना महेंद्रने ते नाव धड वाचलंही नव्हतं. आता तो पुन्हा पुन्हा ते एकच अक्षर वाचत होता.

तो बारावीनंतर डिप्लोमाला गेला त्या वर्षी बाबांनी डोंबिवलीहून एका ओळखीच्याकडून जुना कॉम्प्युटर आणला. अभ्यासाला म्हणून आणला आणि दुसऱ्याच आठवड्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलेली सीडी त्यात गेली. तेव्हा हे टॉवर नव्हते. गावातलं त्यांचं घर, मागे भाताची खाचरं, खाचरांच्या पलीकडे खाडीचा बांध, बांधापलीकडे चिखल आणि तिवरांची झाडी. दक्षता चौदा वर्षांची होती. कॉम्प्युटर एक, खुर्च्या दोन. वाटणी तिनेच केली: शिपाई तुझे, माणसं माझी. लढाई आली की माऊस त्याचा, लढाई नसली की तिचा. त्यामुळे दोघांचं मिळून एक राज्य असायचं, आणि ते कधी हरायचं नाही, कारण तो लढून येईपर्यंत तिने मागे धान्याच्या राशी घालून ठेवलेल्या असायच्या. जुन्या गेममध्ये सगळे गावकरी पुरुषच असत. त्याचा तिला फार राग यायचा. "या गावात बायकाच नाहीत काय रे? मग जेवण कोण करतं यांचं?" असं विचारून ती त्याला भंडावून सोडायची. एका संध्याकाळी बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले. बाबांनी, नामा म्हात्र्यांनी, उमेदीची वर्षं मिठागरावर काढलेली, मग स्वतःची खाचरं सांभाळलेली, त्यामुळे पडद्यावरच्या राजांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण दक्षताने गावाभोवती बांधत आणलेला कोट ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बांद तं बांदलास गो पोरी, पन उघारी कं हाय? पानी जाल कनचे वाटंनं?"

खाडीला लागून शेत असलं की बांध घालावाच लागतो, नाहीतर भरतीचं खारं पाणी भातात शिरतं. पण नुसता बांध घातला तर पावसाचं पाणी आत तुंबून भात कुजतं. म्हणून बांधात एका ठिकाणी फळ्यांचं दार ठेवतात. ओहोटीला ते उघडतं, आतलं पाणी जातं; भरतीला मिटतं. ती उघाडी, घरातल्या बोलीत उघारी. बांध कितीही भक्कम असला तरी शेत जगतं ते उघाडीवर, आणि तिच्यापाशी कोणीतरी नजर ठेवून उभं राहावं लागतं, असं बाबा सांगायचे. महेंद्र तेव्हा पोट धरून हसला होता. "बाबा, हा किल्ला आहे, खाचर नाही." पण दक्षता हसली नाही. तिने बांधलेला कोट एका ठिकाणी पाडला, नदीच्या बाजूला, आणि तिथे एक माणूस आणून उभा केला. त्यानंतर प्रत्येक खेळात, कुठलंही राज्य असो, कोटाला उघाडी असायची आणि उघाडीवर एक राखणदार. शत्रू तिथूनच यायचा. "येऊ दे की," ती म्हणायची, "कुठून येणार ते तरी कळतं ना आपल्याला." महेंद्र चिडायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं. सगळं रान मोकळं सोडून त्या एका फटीशी आपले शिपाई लावून ठेवले की काम व्हायचं. आज तो पहिल्यांदाच त्या फटीच्या बाहेरच्या बाजूला उभा होता, आणि कोणाच्या तरी नव्हे तर तिच्याच, असं त्याला पक्कं वाटत होतं. त्याच्या तळहाताला घाम आला.

तिला कळलं असेल का आपण आहोत ते? महेंद्रने गेममध्ये स्वतःचं नाव गावाच्या नावावरून घेतलं होतं. कोणालाही कळलं असतं. म्हणजे ती शोधत आली असेल. आठ वर्षं वाट पाहून, फोनवर जे बोलता येत नाही ते असं येऊन उभं केलं असेल आपल्यासमोर: बघ, ही उघाडी, ही मी, आता काय करतोस ते कर. असं करायचा तिचा स्वभावच होता. लहानपणी त्याने तिची पेन्सिल घेतली तर ती मागायची नाही, रिकामी कंपासपेटी उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. आणि त्याने घेतलेली ही गोष्ट काही पेन्सिल नव्हती. मनात हे वाक्य तयार झालं आणि महेंद्रने ते झटकून टाकलं, जसं तो गेली आठ वर्षं झटकत आला होता: अंघोळ करताना, कापूरबावडीच्या सिग्नलला अडकून बसल्यावर, नव्या घराच्या वास्तुशांतीला होमासमोर बसलेला असताना सुद्धा.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. खाचरांवर बिल्डर आला होता, चुलतभाऊ जगन मध्ये होता, आणि जगनने कागद करायला घेतले होते. "बहिणीचं हक्कसोड लागेल," जगन म्हणाला. "त्यात काय एवढं? सगळ्या देतात. चांगली साडी घ्यायची, जेवायला न्यायचं, झालं." तसं ते खरंच होतं. गावात घरोघर बहिणींनी हक्क सोडले होते. काहींनी हसत, काहींनी रडत, काहींनी नवऱ्याशी भांडून. महेंद्रने मागितलं असतं तर दक्षतानेही दिलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि नेमकी त्याचीच त्याला भीती वाटली. मागायचं म्हणजे तिच्या डोळ्यांकडे बघून मागायचं. मागायचं म्हणजे ती क्षणभर विचार करणार, त्या क्षणभरात ती जमीन तिचीही आहे हे दोघांनाही कबूल करावं लागणार. शिवाय ती म्हणाली असती, बरं, पण बांधाकडचा तुकडा तेवढा ठेव, विकू नकोस. ती असं म्हणणारच होती, आणि बांधाकडच्या तुकड्याशिवाय बिल्डर तयार नव्हता. मग फोनवर त्याने एकच वाक्य टाकलं. "दक्षे, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचीत, तुझी सही लागेल, मंगळवारी येशील का?" नाव लावायला म्हणून बोलावलं आणि नाव काढायचा कागद पुढे केला. एवढंच केलं त्याने. एका वाक्याएवढं खोटं. ते उच्चारायला चार सेकंदसुद्धा लागले नसतील.

ती ठाकुर्लीहून आली, शाळेतून अर्धी रजा टाकून. ठाकुर्लीला ती एका शाळेत क्लार्क आहे. प्रवेशाचे फॉर्म, दाखले, जन्मतारखांची खाडाखोड हे सगळं तिच्या टेबलावरून जातं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात लाकडी बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, पंखा घरघरत होता, भिंतीला टेकून जगन आणि दोन साक्षीदार. नंबर आला. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, मग सह्या. कागद महेंद्रने तिच्यापुढे सरकवला तो शेवटचं पान वर ठेवून, आणि पानावर आपला तळहात असा काही टेकवला की हे इथे, इथे सही, असं दाखवताना बाकीचा मजकूर झाकला जावा. त्याला अजून आठवतं, आपल्या हाताचा घामाचा ठसा कागदावर उमटला होता. मग खुर्चीतल्या साहेबांनी, दिवसभर तेच विचारून कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "बाई, मजकूर वाचला ना? समजला ना?" दक्षताने मान वर केली. एकदा महेंद्रकडे बघितलं. महेंद्र पंख्याकडे बघत होता. ती म्हणाली, "दादाने वाचलंय."

आणि दादानेही वाचलं नव्हतं. त्यातली खरी गंमत ही. तो कागद जगनने वकिलाकडून टाईप करून आणला होता आणि महेंद्रने तो उघडून बघायचं टाळलं होतं, कारण न वाचलेल्या गोष्टीची जबाबदारी आपल्यावर थोडी कमी येते असं त्याला वाटलं होतं. बाहेर आल्यावर जवळच्या हॉटेलात जगनसकट तिघं जेवले. तिने मसाला डोसा मागवला, पूर्ण संपवला. साडीची पिशवी दिल्यावर तिने आत बघितलं आणि रंग छान आहे म्हणाली. निघताना रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आज बाबा असायला हवे होते." महेंद्रने ते वाक्य आठ वर्षांत इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिलं होतं की आता त्याला त्याचा अर्थच लागत नव्हता. नाव लागलं म्हणून आनंदाने म्हणाली? की त्यांनी बघायला हवं होतं तू काय केलंस ते, असं? तिला कळलं आहे की नाही, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं, आणि ते विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजेच सांगणं. खाचरांवर टॉवर उभा राहिला, त्यात महेंद्रला फ्लॅट मिळाला, नव्या घरातल्या पहिल्या भाऊबीजेला ती आली, ओवाळलं, मग बाल्कनीत जाऊन कितीतरी वेळ खाडीकडे बघत उभी राहिली. "इथून आपली उघाडी दिसते का रे?" "तिवरांत गेली गं. आता काय दिसणार." त्यानंतर मात्र तिला जमेना. एका वर्षी सासूचे गुडघे, एका वर्षी शाळेचं काम, एका वर्षी काहीच कारण नाही. फोन केला तर ती नीट बोलायची, सगळ्यांची चौकशी करायची. भांडली असती तर बरं झालं असतं. निशिगंधा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमची बहीण इतकी शांत बोलते की मला तिची भीती वाटते." महेंद्र ताडकन उठून आत गेला आणि त्याने गेम लावला. खेळायची खरी सवय लागली ती तेव्हापासूनच, पण हे त्याने निशिगंधाला सांगितलं नाही. दर रविवारी एक राज्य उभारायचं, जमीन घ्यायची, जाळायची, बंद करायचं. इथल्या जमिनीला कोणाची बहीण नसते.

आणि आता होती. ती उभी होती तिथे, जाडजूड वेणी घातलेली, कमरेला पदर खोचल्यासारखी. नव्या आवृत्तीत बायका आल्या होत्या गावकऱ्यांत. महेंद्रने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याला वाटलं, आपण हलायचंच नाही. आपण इथेच थांबलो तर तिला कळेल की आपण ओळखलं. तिने मग काहीतरी लिहावं, खाली बोलायची खिडकी असते तिच्यात एखादं अक्षर टाकावं, म्हणजे मग आपणही लिहू. काय लिहायचं? 'चुकलो' हा शब्द त्याने मनात टाईप करून पाहिला. पडद्यावर तो फार छोटा दिसला असता. तेवढ्यात त्याच्या घोडेस्वारांपैकी एकजण हलला. मग दुसरा. महेंद्रने काही सांगितलं नव्हतं, पण या गेममध्ये शिपाई जास्त वेळ रिकामे उभे राहिले आणि शत्रूचं माणूस नजरेच्या टप्प्यात असलं की ते आपणहून जातात. ही त्यांची सवयच असते, आणि ती बंद करायचं बटण असतं हे महेंद्रला चांगलं ठाऊक होतं. तो माऊसवर झडप घालेपर्यंत चार घोडे त्या फटीत पोचले होते. बाईने हात वर केले की नाही ते दिसलं नाही. गावकरी मरताना होतो तो आवाज झाला, तोकडा, त्याने हजारदा ऐकलेला, आणि जागा मोकळी झाली. "अरे मी नाही सांगितलं!" महेंद्र रिकाम्या घरात ओरडला. पाचसहा सेकंद काही झालं नाही. मग समोरच्याने डाव सोडला. पडद्यावर सोनेरी अक्षरांत आलं की आपला विजय झाला आहे, आणि पंचवीस वर्षं जशी वाजत आली तशीच तुतारी वाजली.

विचार करत बसला असता तर त्याने फोन केलाच नसता. ती मेली असं त्याला वाटलं, इतकं ते बालिश होतं, आणि त्या घाबरटपणातच त्याने नंबर लावला. तीन रिंगनंतर तिने उचलला.

"बोल दादा."

"तू होतीस ना?"

"कुठे होते?"

"आत्ता. गेमवर. तो आपला जुना गेम, दक्षे. कोटाला उघाडी ठेवलेलीस, आणि तिथे बाई उभी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरा आहेस ना तू? गोळी घेतलीस का?" ती म्हणाली. "मी कसला गेम खेळते? मी आत्ता दहावीचे फॉर्म घेऊन बसलेय घरी, उद्या द्यायचेत."

"नाव डी होतं त्याचं."

"मग? डी म्हणजे मीच का? जगात डीवाल्या काय कमी आहेत?" ती हसली, पण मग हसू थांबलं. "बाई उभी होती म्हणालास? बायका आल्या वाटतं आता त्यात."

"आल्या."

"उशिरा का होईना. मग काय केलंस तिचं?"

महेंद्रला खोटं बोलता आलं असतं. त्याने पडद्याकडे बघितलं, सोनेरी अक्षरं अजून तशीच होती. दगड संपला की कोणाचाही कोट अर्धवट राहतो, गडबडीत कोणाचाही गावकरी कुठेही विसरला जातो. हे त्याला आत्ता, फोन लावून झाल्यावर सुचत होतं. ब्राझीलचा नाहीतर तुर्कस्तानचा कोणीतरी पोरगा वैतागून डाव सोडून जेवायला गेला असेल. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. आपण आठ वर्षं तिची वाट बघत होतो, आणि ती आली नव्हती, म्हणून आपणच तिला आणून तिथे उभी केली.

"मेली ती," तो म्हणाला. "मी नाही मारली. शिपाई गेले. आपोआप जातात ते."

"हं," दक्षता म्हणाली. "आपोआप."

तिने फोन ठेवला नाही. तिच्याकडे खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता, तो आवाज जवळ आला आणि लांब गेला. महेंद्रला वाटलं, आता ती म्हणेल, चल ठेवते. ती म्हणाली की सुटलो. मग पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी काही विचारणार नाही. ती म्हणत नव्हती.

"दक्षे, तो कागद..."

"कुठला कागद?"

"तो गं. त्या मंगळवारचा."

"नाव आहे ना त्याला काहीतरी?"

"हक्कसोड." तो म्हणाला. "हक्कसोड पत्र होतं ते. वारसांची नावं लावायचं नव्हतं. मी खोटं बोललेलो तुझ्याशी."

तिने श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. मग ती उठली असावी, गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज झाला. "आठ वर्षं लागली रे तुला," ती म्हणाली. "एवढं एक वाक्य बोलायला आठ वर्षं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. तू कागद पिशवीतून काढलास ना, तेव्हाच दिसलं. अरे, मी दिवसाला शंभर फॉर्म तपासते. उलटे धरले तरी वाचते. तू हात ठेवून काय झाकत होतास?"

"मग सही का केलीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलेले," दक्षता म्हणाली, आणि आता तिचा तो शांत आवाज थरथरला. "साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं आत्ता बोलेल. आत्ता म्हणेल, दक्षे, असं असं आहे, देशील का? दिली असती रे सगळी. तू पंखा बघत होतास. मग माझा राग माझ्यातच जिरला आणि मी म्हटलं, दादाने वाचलंय. म्हटलं, असू दे याच्याच अंगावर. डोसा खाताना बोलेल, रिक्षात बसवताना बोलेल. भाऊबीजेला आले, तुझ्या बाल्कनीत उभी राहिले, उघाडी कुठे म्हणून विचारलं. तू म्हणालास तिवरांत गेली. तेव्हा मात्र मला तुझ्या घरातलं पाणी पिववेना."

महेंद्र रडत होता. त्याला कळलं ते टी-शर्टच्या गळ्याशी ओलं लागल्यावर. तो काहीतरी बोलू लागला, की मी तुझा हिस्सा, की आपण बसून, की जगनला, आणि कुठलंच वाक्य शेवटाला नेईना. ती ते ऐकत राहिली नाही.

"ते मग बघू. आणि मी सोडणार नाहीये हां आता, सांगून ठेवते. पण आधी एक कर. तो कागद आहे ना घरात?"

"आहे. फाईलमध्ये."

"तू वाचलायस तो?"

"फाईलमध्ये आहे," तो पुन्हा म्हणाला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी साहेबांपुढे मीपण खोटंच बोलले. जा, आण. मी आहे फोनवर."

बेडरूमच्या कपाटात, निशिगंधाच्या साड्यांच्या वरच्या कप्प्यात, फ्लॅटच्या कागदांच्या खाली ती निळी फाईल होती. महेंद्रने फोन कॉम्प्युटरशेजारी ठेवून स्पीकर लावला. पडद्यावर गेम त्याला विचारत होता, पुन्हा खेळायचं का. त्याने पडदा बंद केला. कागद उघडला तेव्हा शेवटच्या पानावर, सहीच्या शेजारी, त्याच्या हाताचा डाग त्याने शोधला. तो नव्हता, किंवा कधीच उमटलेला नव्हता.

"पहिल्यापासून," दक्षता म्हणाली. "मोठ्याने."

"हक्कसोड पत्र," त्याने वाचायला सुरुवात केली. "लिहून देणार, सौ. दक्षता..." तिचं सासरचं पूर्ण नाव होतं, वय होतं, धंदा नोकरी असं होतं. लिहून घेणार म्हणून त्याचं नाव होतं. लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून, असं होतं. नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, असं होतं; तिथे तो अडखळला, मग पुढे गेला. कोणाच्याही दडपणाखाली न येता, मजकूर स्वतः वाचून व समजून घेऊन. प्रत्येक वाक्य त्याला पहिल्यांदा कळत होतं. घराबाहेर ऊन उतरू लागलं होतं आणि सतरा मजले खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, त्यांचे हॉर्न वर येत होते. दुसऱ्या पानावर मिळकतीचं वर्णन आलं. गट नंबर, क्षेत्र, आणि मग जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते.

"पूर्वेस, गावचा वहिवाटीचा रस्ता," महेंद्रने वाचलं. "दक्षिणेस, जगन हिराजी म्हात्रे यांची जमीन. उत्तरेस, ओहोळ. पश्चिमेस, खाडीचा बांध व..."

त्याला पुढचा शब्द दिसत होता. कुठल्या तरी वकिलाच्या टायपिस्टने, जुन्या कागदावरून बघून, चार बोटांनी बडवलेला. तो तिथे होता, बाबांनी दाखवला तिथेच, पश्चिमेला. महेंद्रने त्या शब्दाखाली बोट टेकवलं.

"काय लिहिलंय?" दक्षताने विचारलं. तिला ठाऊक होतं काय लिहिलंय. "पुढे वाच, दादा."